एक्सेलमधे तारखेच्या जागी #### आणि पत्ते अर्धेच दिसतायत, कॉलम नीट कसे करायचे?

पानगळ:
नमस्कार, जरा मदत हवीय. सभासदांची यादी आहे, साधारण ४०० ओळी, फाइल दुसऱ्या कुणीतरी केलेली आणि आता माझ्याकडे आलीय, परवापर्यंत नीट करून प्रिंट काढून द्यायचीय. उघडून बघते तर जन्मतारखेच्या अख्ख्या कॉलममधे नुसते ####. पत्त्याचं तर अजून विचित्र, काही ओळींमधे पूर्ण दिसतो आणि काहींमधे मधेच तुटतो, "मागच्या बाजूचं दुसरं घ" एवढंच. मला वाटलं फाइल खराब झाली म्हणून काल रात्री बसून मूळ कागदांवरून पंचवीसेक तारखा परत टाइप केल्या तर त्यातल्याही काही #### आणि काही अर्ध्याच. मग माउसने कॉलम ओढून मोठा केला तेव्हा दिसायला लागल्या. पण असा एकेक कॉलम ओढत बसायचं का? आणि सगळे मोठे केले की शीट इतकं लांबतं की नाव एकीकडे आणि शेरा पार दुसऱ्या टोकाला, कुणाचा शेरा कुठला तेच कळत नाही. सगळं वाचता येईल आणि पानावर पण मावेल अशी काही रीत आहे का?

उभाआडवा:
आधी हे सांगतो की तुमचा डेटा शाबूत आहे, एक अक्षर कुठे गेलेलं नाही. #### असलेल्या सेलवर क्लिक करा आणि वर फॉर्म्युला बारमधे (शीटच्या वरची लांब पट्टी) बघा, पूर्ण तारीख दिसेल. आकडा किंवा तारीख मावत नसेल तर एक्सेल ती अर्धी दाखवत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण १२५००० चे नुसते १२५ दिसले तर वाचणारा तेच खरं धरून चालेल. मूळ रुंदी ८.४३ असते म्हणजे नेहमीच्या फॉन्टमधले साधारण आठ अंक, आणि दिवस-महिना-पूर्ण वर्ष लिहिलं की आठ अंक झालेच, वर दोन रेघा, मग कुठून मावणार.

मजकुराचं वेगळं आहे. शेजारचा सेल रिकामा असेल तर मजकूर त्याच्यावर पसरतो, भरलेला असेल तर तिथेच कापला जातो. तुमच्या यादीत पत्त्याच्या पुढच्या कॉलममधे काही जणांचं काही भरलेलं नसणार, त्यांचाच पत्ता पूर्ण दिसत असेल, बघा.

एकेक ओढायची गरज नाही. वर डावीकडे कोपऱ्यात छोटा त्रिकोण असतो त्यावर क्लिक करून सगळं शीट सिलेक्ट करा, मग कुठल्याही दोन कॉलमच्या अक्षरांमधल्या रेघेवर माउस न्या, दोन्हीकडे टोकं असलेला बाण आला की डबल क्लिक. सगळे कॉलम आपापल्या मजकुराएवढे होतात.

निळी_शाई:
वरचं बरोबर आहे पण या फाइलला जसंच्या तसं करू नका, फसाल. पहिल्या ओळीत यादीचं लांबलचक नाव असेल ना, तर डबल क्लिक केल्यावर पहिला कॉलम त्या नावाएवढा रुंद होतो आणि खाली त्यात असतो फक्त अनुक्रमांक. म्हणून शीर्षक सोडून खालचे डेटाचे सेलच सिलेक्ट करा आणि मग होम, फॉरमॅट, ऑटोफिट कॉलम विड्थ (कीबोर्डवरून आल्ट दाबून सोडा, मग एच, ओ, आय एकामागून एक). असं केलं की फक्त सिलेक्ट केलेल्या सेलपुरतं माप घेतलं जातं, बरेच जण वर्षानुवर्षं एक्सेल वापरतात तरी हे त्यांना माहीत नसतं.

पत्ता आणि शेरा मात्र यातून वगळा. त्यांना तुम्ही स्वतः रुंदी द्या, कॉलमच्या अक्षरावर राइट क्लिक करून कॉलम विड्थ, पत्त्याला ३० आणि शेऱ्याला ४० वगैरे टाकून बघा, मग रॅप टेक्स्ट, म्हणजे लांब मजकूर त्याच सेलमधे खालच्या ओळीवर येतो. क्रम हाच ठेवा, आधी रुंदी मग रॅप, कारण अरुंद कॉलमवर रॅप लावलं की एकेका शब्दाची उभी शिडी होते आणि ओळी हातभर उंच होऊन बसतात. शेवटी आल्ट, एच, ओ, ए म्हणजे ओळींची उंची मजकुराप्रमाणे होईल. कुणी आधी हाताने उंची ठरवून ठेवली असेल तर ती आपोआप वाढत नाही, त्यामुळे ही पायरी सोडू नका. ओळ जास्तीत जास्त ४०९ पॉइंट उंच होऊ शकते, एखादा शेरा त्यातही मावला नाही तर कॉलमच रुंद करावा लागतो.

एवढं करूनही एखादी ओळ हट्टाने तेवढीच राहिली तर तिथे मर्ज केलेले (दोन-चार जोडून एक केलेले) सेल आहेत का बघा, मर्जच्या सेलला ऑटोफिट लागू होत नाही. मला मर्जचा मनापासून राग आहे, सॉर्ट पण बिघडवतं. शीर्षक मधोमध हवं असेल तर मर्ज काढून फॉरमॅट सेल्समधे अलाइनमेंटला सेंटर अक्रॉस सिलेक्शन करा, दिसायला तेच दिसतं.

अजून एक, सगळं सिलेक्ट करून टॉप अलाइन करा. नाहीतर एक्सेल मजकूर सेलच्या तळाशी ठेवतं, पत्ता चार ओळींचा आणि नाव त्याच्या शेवटच्या ओळीशेजारी, वाचणाऱ्याची नजर चुकते.

रातराणी:
मराठी मजकूर असेल तर अजून एक बघा. ओळीची मूळ उंची १५ पॉइंट असते, ती इंग्रजीला पुरते, पण मंगलसारख्या उंच फॉन्टमधे वरच्या वेलांट्या नि रफार आणि खालचे उकार कापले जातात. उंची पक्की केलेल्या ओळींमधे हे हमखास होतं. स्क्रीनवर चालून जातं पण प्रिंटमधे "वर्षा"चं "वषा" झालं तर माणसाचं नावच बदललं ना. ऑटोफिट केल्यावरही मी उंची दोनेक पॉइंट वाढवून ठेवते.

आणि यादीत खाते नंबर असतील तर ते १.२३ई+११ असे दिसतात का बघा. बारा किंवा जास्त अंकांचा नंबर जनरल फॉरमॅटमधे असाच दिसतो, तिथे कॉलम कितीही ओढा काही होत नाही, फॉरमॅट नंबर करून दशांश शून्य करावे लागतात. पण पंधराच्या वर अंक असतील तर सोळाव्यापासून पुढचे टाइप करतानाच शून्य झालेले असतात आणि ते परत आणता येत नाहीत, असे नंबर आधी कॉलम टेक्स्ट करून मगच टाकायचे.

पानगळ:
किती बरं वाटलं म्हणून सांगू! तारखा आल्या, पत्ते पण नीट तीन-तीन ओळीत बसले. खाते नंबर नाहीयेत यादीत, सुटले. पण "मुदतीला बाकी दिवस" असा एक कॉलम आहे त्यात सात ओळींमधे अजून #### आहे, आणि रुंद केला तर जाण्याऐवजी अजून जास्त #### भरतात, सेलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

उभाआडवा:
मग ते रुंदीचं नाहीये. तो कॉलम तारीख फॉरमॅटमधे आहे आणि त्या सात जणांची मुदत संपून गेलेली असणार, म्हणजे वजाबाकी उणे आली. उणे तारीख एक्सेल दाखवू शकत नाही म्हणून पूर्ण सेल #### ने भरतं. फॉरमॅट नंबर करा, -१२ असं काहीतरी दिसेल. आणि ती सात नावं बाजूला लिहून ठेवा, त्यांना कळवायला लागेल.

प्रिंटसाठी पेज लेआउटमधे ओरिएंटेशन लँडस्केप, मग प्रिंटच्या खिडकीत खाली स्केलिंगला फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज. फिट शीट ऑन वन पेज चुकूनही निवडू नका, ४०० ओळी एका पानावर कोंबल्या की मुंगीएवढी अक्षरं येतील. प्रिंट टायटल्समधे कॉलमच्या नावांची ओळ द्या म्हणजे ती प्रत्येक पानावर येते.

निळी_शाई:
एक राहिलं, तुम्ही रात्री ज्या पंचवीस तारखा परत टाइप केल्या त्या आता नीट बघून घ्या. टाइप करताना समोर #### नाहीतर अर्धीच तारीख होती, म्हणजे काय पडलं ते तुम्हाला नीट दिसलंच नाही. कॉम्प्युटर महिना आधी धरत असेल तर ५ मार्चची ३ मे होते आणि ती दिसायला अगदी खरी तारीख दिसते. आणि २५ मार्च टाकली तर पंचविसावा महिना नसतो म्हणून ती नुसता मजकूर होऊन सेलच्या डाव्या बाजूला चिकटते, खऱ्या तारखा उजवीकडे असतात.

पानगळ:
आत्ता बघितलं, खरंच चौदा तारखा डावीकडे आहेत. म्हणजे महिना आधीच धरला जातोय, उरलेल्या अकरा उजवीकडे आहेत पण त्यांचे दिवस-महिने उलटे झालेले असणार. मूळ फाइल मेलमधे तशीच आहे, त्यातनं जन्मतारखेचा कॉलम परत आणते आणि एकेक कागद घेऊन त्या पंचवीसच्या पंचवीस ताडून बघते.