मे महिन्यात परदेशात सायकलने, एकटीने – कुठे जाऊ? (पहिलीच वेळ, फोंड्याहून)

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. मी फोंड्याला राहते, शाळेत इतिहास शिकवते, म्हणजे मोठी सुट्टी मे महिन्यातच, दुसरा महिना मागून मिळत नाही. सायकलवर गोवा बऱ्यापैकी पालथा घालून झालाय, केरीहून फेरीने तेरेखोलला उतरून रेडी, शिरोडा, वेंगुर्ला, मालवण असं कॅरियरला बॅगा लावून जाऊन आलेय, आता एकदा परदेशात जायचंच आहे, टूरवाल्यांशिवाय, आपलं आपण. हातात साधारण तीन आठवडे. डोक्यात व्हिएतनाम, श्रीलंका आणि युरोपातला डॅन्यूब नदीकाठचा रस्ता आहे, आणि खरं सांगायचं तर मध्य आशियातल्या पामीर हायवेचे व्हिडिओ बघून त्याचीही फार ओढ लागलीय.

सायकल साधी हायब्रिड, ७०० सी टायरची. मासे खाते, मटण-चिकन नाही. पासपोर्ट भारतीयच, पोर्तुगीज नाही (गोव्यातली म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच येतो म्हणून आधीच सांगते). पैसे साठवलेत पण रोज हॉटेलात राहण्याइतके नाहीत. आणि आई म्हणते एकटी बाईमाणूस कशी जाणार, तिला काय सांगू तेही सांगा.

चोर्लाघाट

ताई, आधी महिना बघा, देश मागाहून ठरवा. सायकलवर हवामान हेच सगळं असतं, गाडीत बसून काचा वर करता येतात, इथे तसं नाही.

पामीर यावेळी सोडाच. एम ४१ म्हणजे पामीर हायवे, त्यावरची अक-बायताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे, मे महिन्यात वर बर्फ आणि रात्री कडाक्याची थंडी, आणि आपण गोवेकर समुद्रसपाटीवरची माणसं, उंचीची सवय व्हायलाच आठवडा जाईल. शिवाय ताजिकिस्तानच्या ई-व्हिसाबरोबर गोर्नो-बदख्शानचं, म्हणजे त्या पामीर भागाचं, वेगळं परमिट लागतं. तो रस्ता दीड-दोन महिने हातात असताना उन्हाळ्याच्या मध्यावर करायचा, घाईत नाही.

श्रीलंकेत मे म्हणजे नैऋत्य मान्सून यायची वेळ, कोलंबो, गॉल, डोंगराचा पश्चिम उतार सगळं भिजायला लागतं. पूर्व किनारा, त्रिंकोमाली ते अरुगम बे, तेव्हा कोरडा असतो, तेवढाच करायचा तर छान आहे, वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, जेवण भात-कालवण. पण बुत्तला-कतरगम रस्त्यावर सायकल घालू नका, तिथे हत्ती रस्त्यात उभे राहून गाड्या अडवतात खाऊसाठी, आणि सायकलवर माणूस उघडा असतो.

शुक्रवारचा_बाजार

मी व्हिएतनामच्या बाजूने बोलणार. ई-व्हिसा घरबसल्या, एकदा आत जायचा २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत मिळतो, ना मुलाखत ना बँकेची कागदपत्रं घेऊन रांगेत उभं राहणं. राहायला 'न्या न्गी' म्हणून लॉज प्रत्येक तालुक्याच्या गावात, सायकल सरळ खोलीत नाहीतर जिन्याखाली ठेवू देतात. मासे तर विचारूच नका.

आणि एक गोष्ट मला जगात कुठे नाही दिसली ती म्हणजे रस्त्याकडेची झोपाळ्यांची कॉफी. पत्र्याखाली नाहीतर झाडाखाली ओळीने हॅमॉक टांगलेले असतात, तुम्ही सायकल टेकवायची, आडवं व्हायचं, ती बाई पेल्यात बर्फ, खाली कंडेन्स्ड मिल्कचा जाड थर आणि वर पत्र्याच्या छोट्या गाळणीतून थेंब थेंब पडणारी काळी कॉफी आणून ठेवते, सोबत फुकटचा बर्फाचा चहा, आणि तासभर झोपलात तरी कोणी उठवत नाही. दुपारचं ऊन असं काढायचं.

रस्ता निवडताना हायवे एक टाळा, ट्रकच ट्रक. पश्चिमेकडचा हो ची मिन्ह रोड घ्या, डोंगरातून जातो, शांत आहे. फक्त खे सान ते फोंग न्या हा दोनशेच्या वर किलोमीटरचा टप्पा आहे तिथे वस्ती फार विरळ, पाणी-खाणं लादून निघायचं. हुए आणि दा नांगच्या मधला हाय वान घाट समुद्राला लागून चढतो, माथा ४९६ मीटर, आपला चोर्ला घाट चढलेल्या माणसाला जड नाही. मेमध्ये गरम होतं हे मान्य, पस्तिशीच्या वर जातं, पण आपल्याकडे काय थंडी असते का मेमध्ये? पहाटे पाचला निघायचं, दहापर्यंत मुख्य पल्ला उरकायचा.

दिवाडी_फेरी

बाय, मी डॅन्यूब एकटीने केलाय, मे महिन्यातच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वर दोघांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, पण तुझा महिना, तुझी पहिली वेळ आणि तुझा विषय इतिहास, या तिन्हीला डॅन्यूबच बसतो असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात जर्मनीतल्या पासाऊहून कर, तिथे डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात. तिथून व्हिएन्ना सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, बहुतेक सगळा सपाट, डांबरी आणि मोटारींपासून वेगळा रस्ता, पाट्या इतक्या की नकाशा बघायचीही फारशी गरज पडत नाही. नदी पूर्वेकडे वाहते आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, त्यामुळे याच दिशेने जा, उलट नको. रोज पन्नास-साठ किलोमीटर केलेस तरी आठवड्यात व्हिएन्ना, मग तुझ्याकडे ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्टपर्यंत जायला वेळ उरतो, सगळे शेंगेन या युरोपातल्या देशांच्या गटातच, एकाच व्हिसावर.

श्लोगेनजवळ नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलटी फिरते. तिथे सायकलवाल्यांसाठी छोट्या फेऱ्या आहेत, आपली चोडणची फेरी गाड्या घेते, ही फक्त माणसं आणि सायकली घेणारी लहानशी होडी, नावाडी सायकली एकीला एक टेकवून लावतो आणि मधल्या सायकलीचं हँडल हाताने धरून उभा राहतो. सायकल तिथेच खाली लावून अर्धा तास चालत वरच्या टोकावर जा, पूर्ण वळण एका नजरेत दिसतं.

लिन्झच्या पुढे माउथहाउजेन आहे. नदीकाठचं गाव खाली, आणि वर टेकडीवर नाझींची छळछावणी, १९३८ ते १९४५. वर जायचा चढ खडा आहे, उतरून सायकल ढकललीस तरी चालेल पण टाळू नकोस. खाणीतल्या त्या १८६ पायऱ्या, ज्यांवरून कैद्यांना ग्रॅनाइटचे दगड पाठीवर घेऊन चढवायचे, त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर जे कळतं ते पाठ्यपुस्तकाच्या परिच्छेदात मावत नाही. ५ मे १९४५ ला अमेरिकन सैन्याने ती मुक्त केली, म्हणून मेमध्ये तिथे स्मरणाचे कार्यक्रम असतात. त्या दिवशी पुढचा पल्ला लहान ठेव, लगेच पॅडल मारावंसं वाटत नाही.

मेल्कचा पिवळा मठ लांबूनच दिसतो, तिथून क्रेम्सपर्यंतचं वाखाऊ खोरं म्हणजे द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूची झाडं, २००० सालापासून जागतिक वारसा यादीत आहे. वाटेत ड्युर्नस्टाइन, इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड तिसऱ्या क्रुसेडवरून (धर्मयुद्धावरून) परतताना पकडला गेला आणि ११९२-९३ च्या हिवाळ्यात तिथल्या किल्ल्यात होता, किल्ला पडका आहे, चढून जाता येतो. जर्दाळू घालून केलेले गोड उकडीचे गोळे मिळतात तिकडे, ते खाच. नदीचे मासेही मिळतात, चीज-ब्रेड तर कुठेही, त्यामुळे तुझी खाण्याची अडचण होणार नाही.

आता महत्त्वाचं. ऑस्ट्रियात रविवारी आणि सणाच्या दिवशी सुपरमार्केटं बंद, शनिवारी संध्याकाळीच ब्रेड, फळं, चीज घेऊन ठेव. मेमध्ये त्यांच्याकडे ख्रिस्ती सणांचे लाँग वीकेंड येतात, तेव्हा नदीकाठच्या खोल्या भरतात, तेवढ्या रात्री आधी बुक कर, बाकी वेळी कॅम्पिंग किंवा लोकांच्या घरातल्या भाड्याच्या खोल्या. वॉर्मशॉवर्सवर नाव घाल, सायकलवाले सायकलवाल्यांना घरी ठेवून घेतात, १९९३ पासून चालू आहे, बाईचं किंवा कुटुंबाचं घर निवडायचं आणि आधीच्या पाहुण्यांनी काय लिहिलंय ते नीट वाचायचं. नळाचं पाणी पिता येतं. दिवस लांब असतात, साडेआठपर्यंत उजेड, अंधारात पोचायची पाळी येत नाही, आणि एकट्या बाईला याचा केवढा आधार असतो ते तुला कळेलच. रेनकोट आणि एक उबदार जॅकेट मात्र हवंच, पाऊस पडला की एकदम गारठतं.

फोंडेकरीण

दिवाडी_फेरी, किती मनापासून लिहिलंयस, देव बरें करूं! वाचतावाचता नकाशावर बोट फिरवत होते. व्हिएतनाम पुढच्या खेपेला नक्की, झोपाळ्यांची कॉफी डोक्यात बसलीय. आता दोन प्रश्न, शेंगेन व्हिसा मिळतो का एकट्या बाईला असा सायकलचा कार्यक्रम दाखवून, आणि सायकल नेऊ की नको?

दिवाडी_फेरी

मिळतो, कागद सरळ असले की. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटची मुदत जायच्या पंधरा दिवस आधी, पण मे म्हणजे सगळ्या भारताची सुट्टी, अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, तू जानेवारीतच लाग. जास्त रात्री ज्या देशात त्याच्याकडे अर्ज, म्हणजे तुझ्या बाबतीत ऑस्ट्रिया. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. प्रवासाचा कार्यक्रम लिहिताना रोजचं गाव, किलोमीटर आणि मुक्काम असा तक्ता दे, स्पष्ट. शाळेचं पत्र हवंच, आणि शाळा अनुदानित असेल तर परदेशी जायची परवानगी वरून घ्यावी लागते का ते हेडमास्तरांना आत्ताच विचार, फाईल फिरायला वेळ लागतो.

सांगेची_सायकल

सायकलचं मी सांगतो. फक्त पासाऊ ते व्हिएन्ना करायचं असेल तर भाड्याने घ्या, पासाऊत घेऊन व्हिएन्नात परत देता येते, बॉक्सची कटकट वाचते. बुडापेस्टपर्यंत जायचं तर स्वतःची न्या, तीन आठवडे अनोळखी सीटवर बसणं बरं नव्हे.

सायकलच्या दुकानातून नव्या सायकलीचा रिकामा खोका मागून घ्या. पॅडल काढताना डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं, जोर लावून आटे घालवू नका. पुढचं चाक काढून फ्रेमला बांधायचं, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) टोकांत प्लास्टिकचा किंवा लाकडाचा तुकडा अडकवायचा नाहीतर खोका आपटला की फोर्क दबतो. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हुकवरून सोडून आत वळवून बांधा, वाकतो तो तिथेच. टायरमधली हवा थोडी कमी करा. एकूण वजन २३ किलोच्या आत बसवा, आणि तिकीट काढायच्या आधी एअरलाइनला सायकलचा नियम लेखी विचारा, प्रत्येकाचा वेगळा. पॉवरबँक हातातल्या बॅगेत, खोक्यात अजिबात नाही, २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर होते, १०० च्या आत म्हणजे चालते. स्टोव्हचा गॅस विमानात न्यायचाच नाही, तिथे घ्या.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही, जाताना विमानतळावर कस्टम्सकडून सायकलचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, फ्रेम नंबर लिहून. येताना 'ही तिकडे विकत घेतली' असा प्रश्न आला तर कागद दाखवायचा. त्यासाठी चेक-इनच्या आधी वेळ हाताशी ठेवा.

चोर्लाघाट

आईंना सांगा की १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकली घेऊन जगाला वळसा घालायला निघाले, त्यातले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, १९२८ मध्ये पूर्ण करून परतले, ना फोन ना नकाशाचं ॲप. आणि बाईमाणूस म्हणत असतील तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं नाव सांगा, २०१८ मध्ये सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली, वय वीस. आईंची काळजी खोटी नाही हो, ती ऐकून घ्या, पण रोज संध्याकाळी लोकेशन पाठवायचं ठरवा आणि तो नियम एकदाही चुकवू नका, माझ्या घरच्यांना तरी त्याने झोप लागली.

सरावाला चोर्ला, अनमोड रोज चढायची गरज नाही, तुमचा रस्ता सपाट आहे. तुम्हाला लागणार आहे ते सलग दिवस बसणं. पूर्ण सामान लादून लागोपाठ तीन-चार दिवस काढा, फोंडा, सावर्डे, केपे, काणकोण आणि परत, पहाटे फक्त पदेर (पाववाला) रस्त्यावर असतो तेव्हा निघा. पॅडवाली शॉर्ट आतल्या कपड्यांशिवाय घालायची, सीटचे जे काय प्रश्न आहेत ते मार्चपर्यंत इथेच सोडवा.

फोंडेकरीण

ठरलं, पासाऊ ते बुडापेस्ट, स्वतःची सायकल. व्हिसाची फाईल ख्रिसमसच्या सुट्टीतच लावायला घेते. शेवटचं एक, तिकडे उजवीकडून चालवायचं, त्याची सवय किती दिवसांत होते?

दिवाडी_फेरी

सरळ रस्त्यावर लगेच होते. गोंधळ होतो तो सकाळी लॉजमधून बाहेर पडताना आणि चौकात वळताना, मी हँडलबारवर पांढऱ्या टेपवर उजवीकडे बाण काढून चिकटवला होता. आणि आरसा लावायचा तर डावीकडे लाव, गाड्या त्या बाजूने ओलांडतात.