विमुक्त आणि भटक्या : एकच की वेगळे?

प्रश्न (कुडाळ) : भाचीचा कॉलेजचा फॉर्म भरताना विजा-अ (विमुक्त जाती), भज-ब, क, ड (भटक्या जमाती) असे कॉलम दिसले. विमुक्त म्हणजे मोकळे झालेले हे कळलं, पण कशातून मोकळे? आणि भटके नि विमुक्त एकच ना?

दापोलीकर : नाही ताई, एकच नाहीत. आपण 'व्हीजेएनटी' एका दमात म्हणतो म्हणून तसं वाटतं. भटके म्हणजे पोटासाठी गावोगाव फिरणारे, वासुदेव, गोंधळी, नंदीवाले, वैदू वगैरे. विमुक्त म्हणजे इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने ज्यांना जन्मापासूनच गुन्हेगार धरलं ते, आधी उत्तरेकडे आणि 1911 च्या कायद्यानंतर आपल्या मुंबई इलाख्यातही. पोलिसांत नाव, रोजची हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही आणि काहींना तर थेट तारेच्या कुंपणात, सोलापुरात त्या जागेला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, त्यातून सुटले ते विमुक्त. म्हणजे देश सुटला 47 ला, आणि ही माणसं त्यानंतर पाच वर्षांनी! पुढे राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर काही बदलली नाही.

विजा-अ मध्ये 14 जमाती आहेत, वडार, कैकाडी, रामोशी, बंजारा, बेरड, पारध्यांतले काही. भज-क म्हणजे धनगर, भज-ड म्हणजे वंजारी. आपल्या कोकणातले गवळी-धनगर कागदावर 'भटके', पण पिढ्यानपिढ्या सह्याद्रीच्या उतारावर त्याच धनगरवाड्यात राहतायत आणि कितीतरी वाड्यांना अजून धड रस्ता नाही, पेशंट डोलीतून खाली आणावा लागतो.

प्रश्न (कुडाळ) : आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी आहे, चित्रं दाखवून गोष्ट सांगतात ती, ती कला ना? यादीत तर चित्रकथी जमात म्हणून दिसते.

दापोलीकर : दोन्ही खरं. भज-ब मध्ये चित्रकथी ही जमात आहे, आणि पिंगुळीत ती कला ठाकर समाजाने जपलीय, तिथल्या परशुराम गंगावणेंना 2021 ला पद्मश्री मिळाली. ठाकर मात्र अनुसूचित जमातींच्या यादीत येतात, त्यामुळे नुसत्या कलेवरून कोणाची कॅटेगरी ठरवायला जाऊ नका.

अजून एक बोलतो, राहवत नाही. त्याच विजा-अ च्या यादीत 'भामटा' आणि 'राजपूत भामटा' आहेत. आपण कोणी फसवलं की सरळ 'भामटा' म्हणतो, पेपरवालेही हेडिंगला देतात. एका समाजाचं नाव शिवी म्हणून छापायचं आणि त्याच समाजातल्या पोराने ते नाव दाखल्यावर मिरवायचं, हे कसं चालतं? लबाड म्हणा, ठग म्हणा, लुच्चा म्हणा, मराठीत शब्द कमी आहेत का. चिरेखाणीवर कर्नाटकातून, घाटावरून कुटुंबं येतात, गावात चोरी झाली की पहिलं त्यांच्या झोपड्यांकडे बोट जातं, तेही याच सवयीतून.

प्रश्न (रत्नागिरी) : जातीच्या दाखल्याचं सांगा ना, कुडाळच्या ताईंच्या भाचीला लागेल.

दापोलीकर : विजा-भजसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा रहिवास दाखवावा लागतो. वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधायला आत्ताच लागा. पण ज्यांचे आजोबा पालात जन्मले, शाळेचं तोंड पाहिलं नाही, गावोगाव फिरले, त्यांच्याकडे 1961 चा कागद कुठला असणार? अशा घरांची तलाठ्याने जागेवर येऊन चौकशी करावी, शेजाऱ्यांचे जबाब घ्यावेत आणि दाखला द्यावा असं माझं ठाम मत आहे. कोणाला नकार आला असेल तर तो लेखी घ्या, तोंडी उत्तरावर परत येऊ नका, अपील करायचं तर लेखी नकारच हातात लागतो.