कम्युनिकेशनचा पेपर काढून टाका म्हणे!

वेगस:
"फिजिऑलॉजी-फार्माकॉलॉजीच्या मास्टर्समधून सायंटिफिक कम्युनिकेशनचा पेपर काढा, तेवढे तास लॅबला द्या. डेटा चांगला असला की तो स्वतःच बोलतो," असं काल ऑर्गनबाथ यांनी लिहिलंय. वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून वेगळा धागा काढते.

डेटा बोलत नाही हो. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल इशारा निघाला: आधीच्या पिढीच्या गोळ्यांपेक्षा रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट. पण दुप्पट म्हणजे साधारण सात हजारांत एकीऐवजी दोघी, हे लोकांपर्यंत पोचलंच नाही. घाबरून बायकांनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. आणि गुठळ्यांचा धोका गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो! सापेक्ष आणि प्रत्यक्ष धोक्यातला फरक सांगता न येणाऱ्याला फार्माकॉलॉजीची पदवी द्यायची कशाला?

ऑर्गनबाथ:
उदाहरण भारी, पण त्या पेपरात हे शिकवतं कोण? अर्धं सत्र फॉन्टचा आकार, स्लाइडचे रंग आणि "श्रोत्यांच्या डोळ्यांत बघा" यात जातं. ऊतक जिवंत ठेवणाऱ्या कार्बोजेनचे (ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचे) बुडबुडे थांबले तरी ज्याच्या लक्षात येत नाही, त्याला तीन मिनिटांत थीसिस सांगायला शिकवून काय मिळणार?

एका व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मी परीक्षक होतो. मुलगा अस्खलित बोलत होता. "अ‍ॅट्रोपिनमुळे वक्र उजवीकडे सरकला, म्हणजे स्पर्धात्मक विरोध." म्हणजे अ‍ॅट्रोपिन आणि अ‍ॅसिटिलकोलीन एकाच जागेसाठी झगडतात, अ‍ॅसिटिलकोलीन वाढवलं की पूर्ण प्रतिसाद परत मिळायला हवा. पण पडद्यावरच्या डोस-प्रतिसादाच्या आलेखात कमाल प्रतिसाद चक्क निम्म्यावर आलेला. मी विचारलं, स्पर्धात्मक आहे तर अ‍ॅसिटिलकोलीन वाढवल्यावर कमाल परत का येत नाही? ऊतकच थकलं होतं का? तोंडातून शब्द नाही. बोलणं शिकला होता, बघणं नाही.

वेगस:
मग हे माझ्याच बाजूचं झालं. त्याला वर्षभरात एकदाही कुणी "हा आलेख मला समजावून सांग" म्हणालं नसणार.

टी_टेस्ट:
आलेखाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. सगळ्यात मोठी फसवणूक त्या एसईएमच्या (सरासरीच्या प्रमाण त्रुटीच्या) दांड्यांची. सहा प्राणी घ्यायचे, एसडीला (प्रमाण विचलनाला, म्हणजे प्राण्याप्राण्यांतल्या फरकाच्या मापाला) सहाच्या वर्गमुळाने भागायचं, की दांडी जवळजवळ अडीचपट आखूड. पोस्टर देखणं! प्राण्याप्राण्यांतला फरक गेला कुठे?

रिसेप्टर:
फसवणूक हा शब्द मागे घ्या. सरासरी किती अचूक आहे हे दाखवायचं असेल तर एसईएम बरोबरच आहे. खाली स्पष्ट लिहिलं की झालं.

टी_टेस्ट:
नाही घेत मागे. लिहितं कोण? माझ्या जुन्या लॅबमध्ये गाईडनी एसडीच्या दांड्या पुसून एसईएम टाकायला लावलं, कारण "एसडी वाईट दिसतं". आणि एन (नमुन्यांची संख्या) = ६ म्हणजे काय होतं माहितीये? एकाच गिनिपिगच्या आतड्याच्या सहा पट्ट्या! तो एन = १ झाला. ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी गटात किमान ५ स्वतंत्र नमुने असल्याशिवाय सांख्यिकी चाचणी करू देत नाही, ते उगाच?

रिसेप्टर:
तुमच्या गाईडचा राग आमच्यावर काढू नका. मी असले उद्योग कधी केले नाहीत.

वेगस:
दोघंही थांबा जरा. दांडी कसली, एन म्हणजे काय, पट्टी की प्राणी, हे लिहिणं म्हणजेच सायंटिफिक कम्युनिकेशन. तासभर तुम्ही त्याच पेपरावर भांडताय.

नवशिकी_संशोधक:
मी सध्या याच कोर्सला आहे. आमच्याकडे मार्क पोस्टर "आकर्षक" आहे का यावर मिळतात. माझे प्रत्येक मोजणीचे सुटे ठिपके दाखवणारे आलेख "गिचमिड" म्हणून कापले गेले. ज्यांनी नुसते रंगीत खांब काढले त्यांना पूर्ण मार्क. ऑर्गनबाथ सरांचं पटतं, पण पेपर काढला तर ठिपके का दाखवायचे हे विचारायची जागाही जाईल.

ऑर्गनबाथ:
हे वाचून वाईट वाटलं. ठीक आहे, पेपर राहू दे. पण शिकवायला हातात पिपेट धरणारा माणूस हवा, आणि परीक्षा स्वतःच्या कच्च्या नोंदींवर. फॉन्टला एकही मार्क नको. याच्या पलीकडे मी एक इंचही सरकणार नाही.

रिसेप्टर:
पट्ट्यांचं म्हणणं टी_टेस्ट यांचं बरोबर आहे, तेवढं मान्य. एसईएम मात्र मी वापरणारच. खाली प्राणी किती आणि पट्ट्या किती, दोन्ही लिहीन.