शिवणकामातल्या ‘प्लीट’ला मराठीत काय लिहावं?

टाके_धागे:
गावातल्या बचत गटासाठी शिवणाची टिपणं मराठीत लिहितेय आणि ‘प्लीट’पाशी अडलेय. मागे एका शाळेच्या स्कर्टांचं काम आलं होतं. कागदावर ‘प्लीट्स’ होतं, मी शब्दकोशात बघून ‘घड्या’ लिहून दिलं. दोघीजणींनी सरळ स्कर्ट शिवले आणि त्यावर इस्त्रीने कडक घड्या मारल्या. २२ स्कर्ट परत आले. उसवून पुन्हा करावेत तर तेवढं कापडच नव्हतं. त्यांची मेहनत माझ्या एका शब्दापायी गेली, ते अजून मनातून जात नाही.

माझे वडील जन्मभर पँटी शिवत आले, ते ‘प्लेट’ म्हणायचे, ‘दोन प्लेटची पँट’. आणि एका जुन्या इंग्रजी पुस्तकात कापडासाठीच पी-एल-ए-आय-टी असं स्पेलिंग दिसलं. ते तर वेणीचं ना?

नऊवारी_शिवणारी:
ताई, ‘निरी’ लिहा. साडी नेसताना आपण बोटांवर कापड पुढे-मागे घेत निऱ्या काढतो आणि वर खोचून धरतो. प्लीटमध्ये तेच होतं, फक्त खोचण्याऐवजी पट्टीत शिवतात. घडी नुसत्या इस्त्रीनेही पडते, तिला जादा कापड लागत नाही. निरीला लागतं, आणि तुमचे स्कर्ट तिथेच अडले. एक इंच दिसणाऱ्या निरीखाली दोन इंच कापड दडलेलं असतं. कंबर २४ इंच असेल आणि निऱ्या एकमेकींना लागून हव्या असतील, तर ७२ इंच घेर धरा, शिलाई वेगळी.

सगळ्या निऱ्या एकाच अंगाला झुकल्या की नाइफ प्लीट. दोन निऱ्यांची तोंडं विरुद्ध दिशांना केली की मध्ये सपाट पट्टी दिसते, ती बॉक्स. तोंडं समोरासमोर आणली की इन्व्हर्टेड.

‘चुण्या’ मात्र यात मिसळू नका. धावदोरा घालून ओढला की कापड गोळा होतं, फ्रॉकच्या फुग्याच्या बाहीला असतं तसं, त्या चुण्या. इंग्रजीत गॅदर्स. त्यांना माप नसतं, निरीला असतं.

इंग्रजी_शिकवतो:
पुस्तकातलं स्पेलिंग चुकीचं नाही. ‘प्लीट’ आणि ते दुसरं, मुळात एकच शब्द. जुन्या फ्रेंचमधून आला, त्यामागे लॅटिनमधलं ‘प्लिकारे’, म्हणजे दुमडणे. पूर्वी कापडाच्या निऱ्यांनाही ए-आय लिहीत. पुढे निऱ्यांसाठी ई-ए रूढ झालं आणि ए-आय मुख्यतः वेणीकडे राहिलं. त्याचा उच्चार इंग्लंडमध्ये ‘प्लॅट’. लोकरीच्या गुंडीवरचा ‘प्लाय’ही त्याच मुळाचा. आपण त्याला पदर म्हणतो, आणि वेणीच्या बाबतीत पेड. पँटच्या पुढच्या इस्त्रीच्या रेघेला इंग्रजीत ‘क्रीज’ म्हणतात. तुमची ‘घडी’ तिथे अगदी बरोबर बसते.

कोकणातली_आजी:
बायकांना शिकवताना मोदकाची पारी हातात द्या. चिमटीत धरून कळी काढतो, तेव्हा पीठ दुमडून शेजारच्या पिठावर येतं. आपल्या बायका हे लहानपणापासून करतात, निरी त्यांना बोटांनीच कळेल. करंजीची मुरड नको, ती कडेला बसते.

टाके_धागे:
आजी, उद्याच करून बघते. टिपणात ‘निरी’ लिहिलं, शेजारी वडिलांचं ‘प्लेट’ही ठेवलं, कारण कापडाच्या दुकानात बायकांना तेच ऐकू येणार. एक राहिलं. ७२ इंच घेर ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात एका तुकड्यात निघत नाही. जोड कुठे घेऊ?

नऊवारी_शिवणारी:
आधी पट्टे जोडा, मग निऱ्या आखा. जोड निरीच्या आतल्या दुमडीवर येईल असं बघा, दर्शनी इंचावर नको. एका बाजूला जुळला नाही तर पट्टा अर्धा इंच कापून सरकवा. आणि खुणा खडूने दोन्ही टोकांना करा, वर आणि घेराला, नाहीतर निरी खाली तिरकी जाते.