मदत हवी आहे: नॉर्थ कॅरोलायनाचा आयकर 3.99 टक्क्यांच्याही खाली जाऊ शकतो. आम्ही व्हिसावरच्या लोकांनी कुठे बोलायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही 9 वर्षं कॅरीत आहोत. यंदा 1 जानेवारीपासून राज्याचा आयकर 4.25 वरून 3.99 टक्क्यांवर आला. (पगारातून 4.09 ने कापला जात असेल तर चूक नाही. इथे कापताना दराहून 0.1 टक्का जास्त धरतात.) घरात सगळे खूश आहेत. मी हिशोब मांडला: 1 लाख डॉलर करपात्र उत्पन्नावर वर्षाला 260 डॉलर, म्हणजे महिन्याला 22 सुद्धा नाहीत.

आणि माझ्या मुलीच्या वर्गाला ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत गणिताची कायमची शिक्षिका नव्हती. बदलीवर येणारे येत होते, जात होते. शाळेचे पगार मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून होतात, म्हणून मी कायदा वाचायला बसले.

2013 पर्यंत इथे तीन टप्पे होते, वरचा 7.75 टक्के. 2014 पासून सर्वांना एकच दर, 5.8. मग तो उतरतच गेला. 3.99 ची वाट 2021 च्या कायद्याने आखली आणि 2023 च्या कायद्याने वेग वाढवला. त्या कायद्यावर तेव्हाचे गव्हर्नर रॉय कूपर यांनी सही केली नाही, तरी तो सहीविनाच लागू झाला. त्यात पुढच्या कपातीचे 'ट्रिगर' आहेत: जून 2026 ला संपणाऱ्या आर्थिक वर्षात राज्याचा महसूल 33 अब्ज 4 कोटी 20 लाख डॉलरच्या वर गेला, तर 2027 मध्ये दर आपोआप 3.49. कुणी नव्याने मत द्यायचं नाही. असं करत तळ 2.49 पर्यंत. कंपन्यांचा कर तर 2030 पासून शून्य.

मला खटकतं ते हे: महसुलाचा आकडा ठरवताना महागाई आणि वाढती लोकसंख्या यांचा विचार कुठे आहे? लोक वाढले की महसूल वाढणारच, पण मुलंही वाढतात. 2025 मध्ये याच मुद्द्यावर दोन्ही सभागृहांचं फाटलं, दोन्हीकडे रिपब्लिकन बहुमत असूनही. सिनेटला कपात पुढे न्यायची होती, खालच्या सभागृहाला ट्रिगर कडक करायचे होते. वर्ष संपलं तरी पूर्ण अर्थसंकल्प मंजूर झाला नाही.

आता मदत हवी आहे ती अशी. आम्ही कर भरतो, पण मतदान करू शकत नाही. अशा माणसाचं पत्र आमदाराच्या कार्यालयात वाचलं जातं का? राजधानी रॅलेला जाऊन कुणी प्रत्यक्ष भेटलं आहे का? बोलताना शाळेचा अनुभव सांगावा की आकडे? आधी खालच्या सभागृहाच्या आपल्या सदस्याकडे जावं की सिनेटच्या?

दुसरं, 2012 ते 2017 मध्ये कॅन्ससला, विशेषतः ओव्हरलँड पार्कच्या बाजूला कोणी होतं का? तिथे तेव्हाचे गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी केलेली मोठी कपात विधिमंडळानेच 2017 मध्ये त्यांचा नकाराधिकार मोडून मागे घेतली. त्या वर्षांत तुमच्या मुलांच्या शाळेत रोजच्या रोज काय बदललं, ते सविस्तर लिहाल का? मला पत्रात ते लिहायचं आहे, नाव न देता.

कपात हवी असं मानणाऱ्यांनीही जरूर लिहा. निवृत्तीला आलेल्या शेजारच्या काकांना ती खरंच उपयोगी पडते, हे मी पाहते आहे. पत्र जूनच्या आत पाठवायचं आहे.