बिल तपासणारे ‘चिल्लर लोक’

खान्देशकन्या
परवा आपल्यातल्याच एकाने लिहिलं की सुपरमार्केटात बिल हातात धरून काउंटरशी हुज्जत घालणारे लोक ‘चिल्लर’ असतात, वीस रुपयांसाठी रांग अडवतात, त्यांनी सरळ गल्लीतल्या किराण्यात जावं. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस. मी त्या चिल्लर लोकांतलीच. तेव्हा आता ऐकाच.

दिवाळीच्या फराळाचं सामान भरायला गेले होते. बेसनाच्या रॅकवर पिवळी पट्टी, किलोला ८९. बिलात लागलं ११२, आणि घेतलं होतं दोन किलो. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनवर ‘एक किलो साखर मोफत’ असा फलक होता, ती साखर ४६ रुपये लावून बिलात हजर. झाले ब्याण्णव. खाली मात्र ठळक अक्षरांत ‘आज तुमची बचत ४६३ रुपये’. ही बचत छापील एमआरपीवरून काढतात, रॅकवरच्या पट्टीवरून नाही. पण तो आकडा बघून माणूस खूश होतो आणि बिल पिशवीत कोंबून बाहेर पडतो.

काउंटरवरचा मुलगा म्हणे, “मॅडम, ऑफर रविवारपर्यंत होती.” मग बुधवारी ती पट्टी काय तोरण म्हणून लावली होती?

दारावरचा वॉचमन बिलावर शिक्का मारतो, तो आपण काही चोरून नेत नाही ना, हे बघायला. उलट बाजूने कोणी बघत नाही. ते आपणच बघायचं.

धुळेकर_निवांत
ताई, ती पोस्ट माझीच. अजूनही शब्द मागे घेत नाही.

पहिली गोष्ट, एमआरपीच्या वर एक रुपया तरी घेतला का तुमच्याकडून? नाही ना. मग गुन्हा कुठे झाला? ऑफर ही दुकानाची मर्जी. दुसरी गोष्ट, माझ्या मागे-पुढे रडणारी पोरं घेऊन बायका उभ्या असतात, रविवारी संध्याकाळी एसी बंद, आणि पुढे एक काकू चष्मा लावून एकेक ओळ वाचतात. ब्याण्णव रुपये वाचले, पण वीस जणांच्या अर्ध्या तासाचं काय?

मास्तर_चोपडा
‘एमआरपीच्या आत असलं की सगळं चालतं’ हा गैरसमज मी निवृत्त झालो तरी गावातून गेलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(६) उघडा. वेष्टनावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतलं तर तक्रार होतेच. पण दुकानाने लावलेल्या दरफलकापेक्षा जास्त घेतलं, किंवा दोघांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतलं, तरीही होते. रॅकवरची पट्टी म्हणजे दुकानाने स्वतःच्या हाताने लावलेला दर. मेहेरबानी नव्हे.

आणि रक्कम लहान म्हणून हसू नका. चंदीगडच्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये तीन रुपयांच्या कागदी पिशवीपायी एका नामांकित पादत्राण कंपनीला एकूण नऊ हजारांचा भुर्दंड लावला होता. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीसुद्धा नाही.

धुळेकर_निवांत
सर, ब्याण्णव रुपयांसाठी जिल्हा आयोग! तारखांना जायचं एसटी भाडं कोण देणार? तुम्हाला ज्येष्ठांची सवलत आहे.

मास्तर_चोपडा
राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरला फोन करायला एसटी लागत नाही.

एक_माजी_कॅशियर
दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्लेला माणूस बोलतोय.

दर बदलतो संगणकात, रात्री, वरून. पट्ट्या बदलतात पोरं, सकाळी, हाताने. शे-दोनशे पट्ट्या आणि दोन पोरं. त्यातला एक सुट्टीवर. म्हणून जुनी पट्टी लटकत राहते. चोरी नाही, हलगर्जी आहे. पण वर्षानुवर्षे चालू असलेली हलगर्जी कुणाला परवडते म्हणून चालू आहे, ते तुम्हीच ओळखा.

दुसरं कोणी सांगत नाही ते सांगतो. एकाच बारकोडवर जुन्या आणि नव्या एमआरपीचा माल एकत्र असतो. स्कॅन केलं की पडद्यावर दोन किमती येतात, आम्ही एक निवडायची. मागे रांग असते तेव्हा बोट वरच्या ओळीवर पडतं, पाकीट उलटून कोण बघतो? दुसऱ्या राज्यात छापलेलं पाकीट म्हणून दर वेगळा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तुमच्या हातातल्या पाकिटावर जे छापलंय त्याच्यावर घेता येत नाही.

चूक दोन्हीकडे होते हेही खरं. कमी लागलेलं बिल घेऊन परत आलेला माणूस मी तरी पाहिला नाही. पण गल्ल्यात पैसे कमी पडले की पगारातून जायचे, ते आमच्या. आणि ताई, लागलेली ओळ काढायला आम्हाला परवानगी नसते, सुपरवायझरचं कार्ड लागतं. तो येईपर्यंत तुम्ही आमच्याकडे जसं बघता ना, ते आठवलं तरी पोटात गोळा येतो.

खान्देशकन्या
पोरावर मी कधीच आवाज चढवत नाही. डेस्कवर जाते, बाजूला. आणि प्रत्येक पट्टीचा फोटो काढत बसते असं नाही, पण ऑफरच्या मालाचा एक फोटो रॅकपाशीच घेते. तो दाखवला की वाद दोन मिनिटांत मिटतो.

दुकानदार_भुसावळ
वर कोणीतरी ‘गल्लीतल्या किराण्यात जा’ असं शिवीसारखं लिहिलंय. याच, भाऊ. आमच्याकडे पट्टी नाही, ऑफर नाही, त्यामुळे फसवणूकही नाही. तोंडी हिशोब, महिन्याची वही. लॉकडाऊनमध्ये हे एसीवाले शटर पाडून बसले तेव्हा तुमच्या घरी गहू कोणी पोचवला?

आणि २२ सप्टेंबर २०२५ ला साबण-शाम्पूचा जीएसटी अठराचा पाच झाला, तेव्हा पहिल्या सकाळी गिऱ्हाईक आमच्याच छातीवर येऊन बसलं, ‘कमी करा’ म्हणून. जुना माल जुन्या दराने भरलेला, घोळ निस्तरला आम्ही. मॉलमध्ये तेच लोक गपगुमान बिल भरत होते. मला राग याचा आहे.

कापूसकोंड्या
फसवणूक नाही म्हणे! काका, साखरेची पुडी बांधून मग काट्यावर ठेवता की आधी मोजता?

तुमच्या ब्याण्णव रुपयांना हसू येतं आम्हाला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की माल परत, आठच्या वर गेला की भाव कमी. नोंदणी, रांग, ट्रॅक्टरचं भाडं. पैशाची निकड असलेला माणूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, देऊन टाकतो. व्यापारी येतो त्याचाच काटा घेऊन. मूठभर कापूस दाबून बघतो, “ओला आहे”, की लागली कट्टी, म्हणजे वजनात कपात. यंत्र नाही, काही नाही, नुसती मूठ! वर गाठोड्याच्या कापडाचं वजन वेगळं कापणार. आमच्या शेजारच्याने घरच्या काट्यावर आधी तोलून ठेवला होता, तर व्यापारी म्हणाला, “मग त्याच काट्याला वीक.”

हे बघणार आहे का तुमच्या फोटोत?

केळीबाग_रावेर
भाऊ, बोललात. आमच्याकडे केळीचा बऱ्हाणपूर बाजाराचा भाव मोबाईलवर येतो एक, आणि बांधावर व्यापारी देतो दुसरा. विचारलं की “माल बारीक आहे”. घड तर कापून पडलेला असतो, परत झाडाला लावू का?

दुकानदार_भुसावळ
कापूसकोंड्या, पुडीचं बोललात म्हणून सांगतो. माझ्या काट्यावर या वर्षीचा शिक्का आहे. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी वजनमापेवाल्यांकडून पडताळून घ्यावा लागतो. या, बघा. उगाच सगळ्या दुकानदारांना एका माळेत ओवू नका.

कापूसकोंड्या
शिक्का काट्याला असतो काका, हाताला नसतो.

दुकानदार_भुसावळ
मग पुढच्या वेळी खताच्या गोणीची उधारी मागायला त्या हातापाशी येऊ नका. तुमच्यासारख्यांची नावं वहीत अजून तशीच आहेत.

कापूसकोंड्या
घ्या! निघाली वही. मी तुमचा गिऱ्हाईक नाही, तुम्हाला ओळखत नाही, तरी माझं नाव वहीत. याला म्हणतात तोंडी हिशोब.

अहिराणी_पोऱ्या
कसाले इतलं भांडतस भो? मन्हा गावमा दुकानदार बिलच देत नही. तपासू काय, कप्पाळ?

मास्तर_चोपडा
बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि जाता जाता, सुपरमार्केटात बिलासाठी मोबाईल नंबर द्यायची सक्ती नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना तसं बजावलं आहे. नंबर दिला नाही की काउंटरवर ‘सिस्टिम पुढे जात नाही’ असं सांगतात. माझं नेहमी जातं.

खान्देशकन्या
अहो, मी बेसनाबद्दल लिहिलं होतं. कापूस, केळी, वही, सगळं झालं. कापूसकोंड्या, तुमचं दुःख मोठं आहे, कबूल. पण शेतकरी लुटला जातो म्हणून मीही गप्प लुटून घ्यावं, हा कुठला न्याय? आणि तुमच्या शेजारच्याने घरी आधी तोलला ना, मी तेच करते. फक्त माझा काटा म्हणजे फोनमधला फोटो.

एक_माजी_कॅशियर
फोटोवरून आठवलं. बिलाचाही काढा. तो थर्मल कागद, दोन-तीन महिने उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला की कोरा होतो. मिक्सरची वॉरंटी त्याच्यावरच असते.

धुळेकर_निवांत
बरं बाबा. काल रात्री बायकोने हा सगळा धागा वाचला आणि ड्रॉवरमधली बिलं काढून बसली. टूथपेस्ट ‘दोनवर एक’, तिन्हीचे पैसे लागलेले. मला चिल्लर म्हणाली. कायदा बरोबर असेल सरांचा, पण रांग अडवू नका, या मुद्द्यावर मी ठाम आहे.

खान्देशकन्या
रांग मी अडवतच नाही, बाजूच्या डेस्कवर जाते, हे पुन्हा लिहू का? टूथपेस्टचे पैसे मागायला कधी जाताय?

धुळेकर_निवांत
बायको जाणार आहे. मी बाहेर गाडीत बसेन.

कापूसकोंड्या
सर, एक खरंच विचारतो, चेष्टा नाही. १९१५ ला कापसाच्या कट्टीचं चालतं का?

मास्तर_चोपडा
नाही. तुम्ही विकणारे, ग्राहक नाही. काटा खोटा वाटत असेल तर तक्रार वजनमापेकडे. कट्टीबद्दल बाजार समितीच्या सचिवाकडे लेखी अर्ज, सोबत वजनाची पावती जोडा.

कापूसकोंड्या
पावती? सिगारेटच्या पाकिटामागे आकडा लिहून दिलाय. तोच जोडू का?