‘गेले’ म्हणे! मोठ्या माणसाच्या मृत्यूचा दिवस तुम्ही कसा पाहिलात? (अनुभव धागा)

तिसरा मजला

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. सकाळी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती लाटणं हातात घेऊनच. टीव्हीवर धर्मेंद्र गेल्याची बातमी सुरू होती. आई त्याची इतकी भक्त, की लग्न ठरताना तिने ‘मुलगा उंच आहे ना?’ एवढंच विचारलं होतं म्हणे. (बाबा पाच फूट पाच. तो वेगळा धागा होईल.) तिने गॅस बंद केला, कणीक तशीच टाकली, देवापुढे दिवा लावला आणि डोंबिवलीला मावशीला फोन केला. दोघी पोटभर रडल्या. थोड्या वेळाने हेमा मालिनी आणि ईशा दोघींनीही सांगितलं, की ते आहेत, उपचार चालू आहेत. आई दिव्याकडे बघत बसली. आता विझवायचा की ठेवायचा? बाबा म्हणाले, ‘राहू दे, अशी खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं.’

बरोबर तेरा दिवसांनी, २४ तारखेला, ते खरंच गेले. पवनहंसच्या स्मशानभूमीबाहेरची दृश्यं दिसेपर्यंत आईने विश्वास ठेवला नाही. आणि पटलं तेव्हा तिला रडूच येईना. ‘माझं रडून झालंय गं,’ म्हणाली.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. मुंबईत असं कोणी गेलं की आपल्या घरात, गल्लीत, गाडीत काय होतं ते लिहा. नुसतं ‘ओम शांती’ लिहायचं असेल तर त्यासाठी व्हॉट्सॲप आहे.

पावसाळी चप्पल

वय सांगून टाकतो: १९८० साली मी एकोणीस वर्षांचा होतो. राहायला खेरवाडी. १ ऑगस्टला, शुक्रवारी सकाळी, आरेच्या दूधकेंद्रावरच्या रांगेत कळलं की रात्री रफीसाहेब गेले. रांगेतले दोघेजण बाटल्या न घेताच निघून गेले, हे अजून डोळ्यांसमोर आहे. पाऊस असा की बोलायला नको. मी वांद्र्याला गेलो. छत्री नेली होती, पण त्या गर्दीत ती उघडणार कुठे? दिसलं काहीच नाही. नुसती डोकी आणि पाणी. चपला चिखलात राहिल्या, अनवाणी घरी आलो. वडील एरवी चपलेचा हिशेब मागणारे, पण त्या दिवशी काही बोलले नाहीत.

जुहूच्या कब्रस्तानात त्यांना दफन केलं. २०१० मध्ये तिथल्या जुन्या कबरी नव्या दफनांना जागा हवी म्हणून काढल्या, त्यात रफी आणि मधुबालाही आले. आता चाहते जवळच्या नारळाच्या झाडाच्या खुणेने जागा ओळखतात. मी दोनदा जाऊन आलोय.

पान सात

मराठी दैनिकात बावीस वर्षं काढली, बहुतेक रात्रपाळीत. कुठल्या ते विचारू नका.

मोठं माणूस आजारी पडलं की त्याच्यावरचा मजकूर आधीच करून ठेवायचा, ही सगळीकडची रीत. आमच्याकडे त्या फोल्डरचं नाव ‘शीतपेटी’. कारकिर्दीचा आढावा, फोटो, कोणाकोणाला प्रतिक्रियेसाठी फोन करायचे ती यादी, सगळं तयार. फक्त पहिलं वाक्य मोकळं सोडायचं. एकदा शीतपेटीतल्याच एका ज्येष्ठ नटाची मुलाखत घ्यायला मला पाठवलं. त्यांनी थालीपीठ खाऊ घातलं, चार लावण्या म्हणून दाखवल्या. ऑफिसात परत येऊन मी त्यांच्या मृत्युलेखातलं वय एकाने वाढवून ठेवलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

श्रीदेवी गेली ती २४ फेब्रुवारी २०१८ ची रात्र, शनिवार. दुबईहून बातमी आली तोवर रविवारची पुरवणी कधीच छापून झालेली. पहिलं पान पुन्हा लावलं. इथपर्यंत कामाची धावपळ होती, त्यात वाईट काही नव्हतं. पुढचे तीन दिवस वाईट. आधी हृदयविकार म्हणाले, मग तिथल्या तपासणीत बाथटबमध्ये अपघाताने बुडून मृत्यू झाल्याचं आलं, आणि वाहिन्यांना टबच मिळाला. ग्राफिकमध्ये टब, त्यात बाई. एक वार्ताहर तर चक्क टबात उतरला. आम्ही डेस्कवर खो खो हसलो. अर्ध्या तासाने वरून निरोप आला, की आपल्या वेबसाइटवर टबाचं काहीतरी टाका, लोक तेच शोधताहेत. टाकलं. मीच टाकलं.

पूर्वी दुजोरा म्हणजे घरच्यांचा नाहीतर डॉक्टरांचा आवाज स्वतःच्या कानाने ऐकणं. आता दुजोरा म्हणजे दुसऱ्या वाहिनीवर तीच पट्टी दिसणं. ती वाहिनी आपल्याकडे बघून चालवत असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात अत्यवस्थ होते तेव्हा एका रात्रीत देशभर श्रद्धांजल्या सुरू झाल्या. कुटुंबीयांना ‘ते आहेत’ असं जाहीर करावं लागलं. ते गेले २६ तारखेला. ज्या बाईचा नवरा आत व्हेंटिलेटरवर आहे तिने बाहेर येऊन तो जिवंत असल्याचं पटवून द्यायचं! तिसरा मजला, तुमच्या आईचं रडणं फुकट गेलं म्हणता, पण त्या घरच्यांचं काय झालं असेल?

दहा बाय वीस

आमचं फ्लेक्स छपाईचं दुकान, परळला. लतादीदी गेल्या तो रविवार, ६ फेब्रुवारी २०२२. दहा वाजायच्या आत चार ऑर्डरी. पहिला प्रश्न ठरलेला: ‘साहेबांचा फोटो किती मोठा येईल?’ मी म्हटलं, दीदींपेक्षा लहान घेऊ. पलीकडून विचार करून उत्तर आलं, ‘सारखाच ठेव.’

घाईत एक बोर्ड वाढदिवसाच्या फाइलवरून काढला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खाली अकरा चेहऱ्यांच्या रांगेवर ‘शुभेच्छुक’ तसंच राहिलं. आठवडाभर नाक्यावर लटकत होता. एकाही माणसाचा फोन आला नाही. उतरवायला गेलो तेव्हा मलाच दिसलं.

कट्ट्यावरची

लतादीदी गेल्या तोच दिवस. मी शिवाजी पार्कला मागच्या बाजूला उभी होते. शांतता होती, खरंच. शेजारच्या आजी तोंडातल्या तोंडात एक अभंग म्हणत होत्या. घरी येते तर सोसायटीच्या ग्रुपवर शाहरुख खानचा फोटो फिरतोय: ‘थुंकला!’ वरच्या मजल्यावरच्या चाची ग्रुपवर कधी काही लिहीत नाहीत. त्यांनी लिहिलं, ‘दुआ पढून फुंकर घालतात. तुमच्या बंटीला ताप होता तेव्हा मी घातली होती, आठवतं का?’ बंटीच्या वडिलांनी अंगठा टाकला. पोस्ट मात्र डिलीट केली नाही.

पालघर शटल

१८ नोव्हेंबर २०१२. बाळासाहेबांची अंत्ययात्रा, मुंबई बंद. दादरला गेलेल्या माझ्या काकांनी आयुष्यात एवढी माणसं बघितली नव्हती, आणि त्यांचं रडणं खरं होतं हे मी घरात बघितलंय. पण आमच्या पालघरात त्याच वेळी दुसरंच घडत होतं. बंद कशासाठी, असं एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड. मी त्यांच्याच वयाची. बाबांनी रात्री माझा फोन मागून घेतला आणि मी काय काय लाइक केलंय ते एकेक करत बसले. त्यात एक मांजराचा व्हिडिओ होता, त्याचाही अर्थ विचारला. पुढे गुन्हा मागे घेतला गेला, आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अटकेत लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलमच रद्द केलं. मी मात्र अजून कोणी गेलं की दोन दिवस काही लिहीत नाही. सवय.

निनावीच राहू दे

लिहू की नको असं तीन दिवस चाललंय.

माझा धाकटा भाऊ २०१९ च्या दिवाळीनंतर गेला. त्याने स्वतःच जीवन संपवलं. त्यानंतर सहा-सात महिन्यांत आम्ही एवढंच शिकलो होतो, की ‘का’ हा प्रश्न घरात मोठ्याने विचारायचा नाही. मग १४ जून २०२०. टाळेबंदी, दोन खोल्या, आई, बाबा, मी आणि टीव्ही. सुशांतसिंह राजपूतच्या मृतदेहाचा फोटो दुपारीच इमारतीच्या ग्रुपवर आला. असे फोटो पुढे पाठवू नका म्हणून महाराष्ट्र सायबरने जाहीर सांगितलं, तरी संध्याकाळी परत आला. पुढचे कित्येक आठवडे रोज नवा आरोपी, रोज नवी चॅट. आणि एका रात्री आईने भाजी निवडता निवडता विचारलं, ‘आपल्या बाळाच्या वेळी पण कोणीतरी असेल का गं?’ त्यानंतर तिने त्याच्या मित्रांना फोन करायला सुरुवात केली. एकेकाला. उलटतपासणी घेतल्यासारखे. त्यातला एक मुलगा, जो दर रविवारी आईला भेटायला यायचा, तो यायचा बंद झाला.

आत्महत्येची बातमी कशी द्यावी याची प्रेस कौन्सिलची तत्त्वं २०१९ पासून होती: ठळक जागा देऊ नका, पद्धत वर्णू नका, सनसनाटी मथळा नको. १८ जानेवारी २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने वाहिन्यांनीही ती पाळावीत असं सांगितलं. मी तो निकाल छापून ठेवलाय, कोणाला दाखवायचा ते माहीत नसताना. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. तेव्हा आई टीव्हीसमोर नव्हती. बरं झालं.

वाचणाऱ्यांपैकी कोणाला हे जड जात असेल तर १४४१६, टेलीमानस. मराठीत बोलतात. मी बोललेय.

काचेबाहेर

सगळे माध्यमांवर घसरलेत, मग मीही बोलतो. मी क्लिपांवर जगणारा कॅमेरावाला. सप्टेंबर २०२१ ला टीव्हीवरचा नट सिद्धार्थ शुक्ला गेला, तेव्हा ओशिवऱ्याच्या स्मशानभूमीबाहेर गाडीच्या काचेला लेन्स चिकटवणाऱ्यांत मी होतो. आत एक मुलगी रडत होती. चाळीस सेकंदांची क्लिप. रात्री तिच्याखाली हजारो लोकांनी ‘लाज वाटत नाही का’ लिहिलं. लाज वाटली, खोटं नाही सांगत. पण त्या महिन्यात माझी सगळ्यात जास्त पाहिलेली क्लिप तीच होती, आणि शिव्या देणाऱ्यांनीही ती शेवटपर्यंत पाहिली होती. दुसऱ्या दिवशी मी गोरेगावला एका साखरपुड्याला हार-तुरे शूट करत होतो.

पान सात

@काचेबाहेर, तुमच्या क्लिपा आम्हीच विकत घेतो. त्यामुळे गप्प बसतो.

इर्ला नाका

शेवटी लिहितोय, कारण आमचा अनुभव धाग्यात बसतो का माहीत नाही.

बाबा १८ जुलै २०१२ च्या रात्री गेले. त्या दुपारी राजेश खन्ना गेल्याचं त्यांनी खाटेवरून स्वतः ऐकलं होतं. ‘माझ्याहून वर्षाने लहान,’ म्हणाले आणि कूस बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्ल्याच्या स्मशानभूमीत त्याचे अंत्यसंस्कार, आणि आम्हालाही तिथेच जायचं. पाऊस. एस. व्ही. रोडवर आमची शववाहिनी रुतून बसली. भिंतींवर, झाडांवर, बसच्या टपावर माणसं. पोलीस म्हणाले, जरा थांबा, आतलं होऊ दे. किती थांबायचं? गुरुजींना पुढे अंधेरीला जायचं होतं, ते दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते.

तेवढ्यात एक कॅमेरावाला फूटबोर्डवर चढून आत डोकावला. ‘कोण आहे? कोण आहे?’ माझा चुलतभाऊ म्हणाला, ‘आमचे काका आहेत. बँकेत होते.’ त्याने कॅमेरा खाली घेतला. उतरला, आणि मग जो ओरडायला लागला, ‘अरे वाट द्या, मयत आहे, वाट द्या!’ पोलिसांना जमलं नव्हतं ते त्याच्या आवाजाने झालं. आम्ही खांदा द्यायला पाचच पुरुष होतो, गाव लांब, गाड्या उशिरा. गर्दीतलेच तिघे-चौघे पुढे आले. हिरो त्यांना दिसलाच नव्हता. एकाच्या हातात गुलाबाचा मोठा हार होता, पावसाने पार भिजलेला. ‘इथवर आणलाय, परत कुठे नेऊ,’ म्हणाला आणि बाबांना घातला.

दर १८ जुलैला रेडिओवर सकाळपासून राजेश खन्नाची गाणी असतात. आई आवाज मोठा करते. ‘ह्यांची गाणी लागलीत,’ म्हणते. वर्षश्राद्ध तिथीनेच करतो, ते वेगळं.